चेटकिणीचा उजवा हात

नुंगंबाक्कम, मद्रास
४ ऑगस्ट १९५८

वहिनी,

वर 'तीर्थरूप' लिहून खोडलं आहे, ते तुम्हाला दिसेलच. दुसरा कागद घेऊन स्वच्छ लिहिता आलं असतं. राहू दिलं.

तुम्हाला पाठवलेलं अंकांचं पुडकं आज परत आलं. पंधराही अंक जसेच्या तसे, सुतळीची गाठसुद्धा माझीच. वर तांबड्या पेन्सिलीनं लिहिलंय, 'घेण्यास नकार'. आठ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. पत्ता चुकला असेल असं आधी म्हणून पाहिलं, पण तंजावरचा तो पत्ता मी डोळे मिटून लिहितो.

त्याच टपालात कनकाचं कार्ड होतं. तुमची भाची नेमकं लिहिते, तुमच्याकडे शिकलेली दिसते. ती लिहिते :

"आत्याला न सांगता लिहिते आहे. 'नवलकुपी'तली चेटकीण वर्गातल्या पोरांनी ओळखली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आत्यासारखीच जुळलेली आहेत आणि त्याच हातानं ती पोरांना बोलावते. मानाजीनं अंक वर धरून विचारलं, 'टीचर, हे तुम्हीच की?' आत्या हसली. दुसऱ्या दिवशी पंधरातली नऊ आली. आता चार येतात. गल्लीत तिला काय म्हणतात ते लिहीत नाही. दसऱ्याला नवी पोरं पाटावर बसवायची असतात. आत्या त्यांचा हात धरून तांदळात श्री काढून घेते. यंदा आपल्या लेकराचा हात तिच्या हातात कोण देईल?"

तिला उत्तर लिहिण्यापेक्षा तुम्हालाच लिहितो. 'नवलकुपी'च्या कचेरीची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. मासिक पाच भाषांत निघतं, पण चित्र एकदाच काढतात. त्यावरून जस्ताचा ठसा होतो आणि तोच ठसा पाचही भाषांत छापतात. आम्ही आपापल्या भाषेतला मजकूर त्याच्याभोवती बसवतो. चित्र काढणारा राजगोपाल मैलापूरचा आहे. त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. 'सात विहिरींचं रान' ही गोष्ट माझी आहे हे खरं, पण चित्रकार आपल्या मनानं काढतात. जे झालं तो योगायोग आहे.

दसऱ्याला अजून अडीच महिने आहेत. पोरं विसरतील. पुडकं पुन्हा पाठवतो आहे.

राघोत्तम


११ ऑगस्ट १९५८

वहिनी,

पुडकं पुन्हा परत आलं. ठीक आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. 'चित्रकार आपल्या मनानं काढतात' हे वाक्य टपालपेटीत पडलं तेव्हाच मला ते ठाऊक होतं. तरी मी घरी येऊन रोजनिशी उघडली, जणू तिथं काही वेगळं लिहिलेलं सापडेल. कॉलेजात असल्यापासून लिहितो, त्यामुळे माझ्याविरुद्धचा पुरावा माझ्याच कपाटात असतो. १२ फेब्रुवारीच्या पानावर आहे : 'राजगोपालला हात काढून दाखवला. त्याला फार आवडला.'

झालं ते असं. राजगोपाल माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सार, वाकडं नाक, पुढे आलेले दात, डोक्यावर घुबड, हे पोरांना पाठ झालंय. ह्या बाईला एक खूण द्या. अशी की पोरानं अंक मिटला तरी दिसत राहील."

मी पेन्सिल घेतली आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हात काढला. उजवा. मधलं बोट आणि करंगळीजवळचं बोट टोकापर्यंत जुळलेली, वर गुळगुळीत कातडी. मला चित्रकला येत नाही. तो हात मात्र एका दमात आला.

"हे कुठं पाहिलंत, सार?"

"कुठं नाही," मी म्हणालो.

"कुठं नाही असं इतकं बरोबर येत नाही," तो म्हणाला आणि पुठ्ठा घेऊन गेला.

आज मी मालकांकडे गेलो. नारायणस्वामी माणूस वाईट नाही. म्हटलं, उरलेल्या दोन भागांतली चित्रं बदलायची आहेत. ते म्हणाले, "ठसे तयार झाले, राघोत्तम. सहाव्या भागाचेसुद्धा. पाच भाषा आणि एक चेटकीण, ती आता कशी बदलणार?" मग, निदान शेवटी तिला मारू नका, म्हटलं. त्यावर ते हसले. "पोरांच्या गोष्टीत चेटकिणीला दया दाखवायची नसते. तुम्हीच मला शिकवलंत. दया आली की पोरं जागी राहतात. चेटकीण मेली की झोपतात. आईबाप त्या झोपेसाठीच अंक घेतात."

मीच शिकवलं होतं, हे खरं आहे. घरी येऊन मोजल्या. आठ वर्षांत मी एकोणतीस चेटकिणी लिहिल्या. सगळ्या एकट्या राहतात. सगळ्यांना झाडपाला कळतो. एकीलाही नवरा नाही, लेकरू नाही. कपटी प्रधान लिहिले त्यांना निदान गादी हवी असायची, मांत्रिकांना हिरा हवा असायचा. चेटकिणींना काय हवं असतं हे मी एकदाही लिहिलं नाही. त्या वाईट असतात आणि रानात असतात, एवढंच. रानात त्यांना कुणी पाठवलं, हा प्रश्न एकाही वाचकानं विचारला नाही. मीही नाही.

तुम्ही उत्तर द्यावं असं मी म्हणत नाही.

राघोत्तम


३० ऑगस्ट १९५८

वहिनी,

तुमचं कार्ड आलं नाही. कनकाचं आलं. चाराचे तीन झाले.

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. थकवा आला आहे, पण कामाचा नाही. एकच गोष्ट पस्तीस वर्षं वेगवेगळ्या बाजूंनी झाकत राहण्याचा आहे. आता लिहून टाकतो.

कुंभकोणम. गोकुळाष्टमी. मी नऊ वर्षांचा होतो, तुम्ही वीसच्या असाल, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. तुम्ही चुलीपाशी चकल्या तळत होता. आई देवघरात होती. चुलीपलीकडे सुपात तळलेल्या चकल्या होत्या आणि नैवेद्य व्हायच्या आधी हात लावायचा नाही असं तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं. तुमची पाठ वळली तेव्हा मी कढईवरून हात घातला. कोपर कडीला लागलं. कढई माझ्याकडे कलली.

तुम्ही उजव्या हातानं तिची तापलेली कड धरली आणि पलीकडे लोटली. माझ्या अंगावर एक थेंब पडला नाही. आजही माझ्या अंगावर कुठं डाग नाही. आंघोळ करताना मला ते दिसतं.

आई धावत आली. "काय झालं रे?"

मी म्हणालो, "वहिनीनं कढई माझ्यावर ढकलली."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. हात छातीशी धरला होता. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, दुखतंय म्हणून बोलत नाही. मग वाटलं, उद्या सांगतील. मग बोटं जुळली आणि पट्टी सुटली तरी तुम्ही सांगितलं नाहीत, आणि ते वाक्य घरात तसंच राहिलं.

पौषात अण्णा तापानं गेला. आईनं दिवाणखान्यात सगळ्यांसमोर जे म्हटलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "आधी धाकट्याला जाळायला निघाली होती. तो वाचला, म्हणून थोरल्याला खाल्लं." आईचा तो 'आधी' माझ्याकडून आला होता. नुसतं अण्णाच्या मरणावरून तुम्हाला घालवलं नसतं. आमच्या घरात विधवा सुना राहत होत्या. तुम्हाला माझ्या वाक्यावरून घालवलं.

तुमचे भाऊ न्यायला आले त्या दिवशी तुम्ही मला दहीभात वाढत होता आणि मी पान सारून उठलो. "त्या हातचं मला नको," असं म्हणालो. ते तुम्ही ऐकलंत. नऊ वर्षांच्या पोराला भीती वाटली, असं मी पुढं रोजनिशीत दोन-तीनदा लिहिलं आहे. खरं तर त्या हाताकडे पाहिलं की मी काय बोललो ते आठवायचं. मग हातच भयंकर आहे असं ठरवणं सोपं गेलं.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. तिलाही सांगितलं नाही. मासिकात लागलो तेव्हा दर महिन्याला तुमच्या वर्गाला अंक पाठवू लागलो आणि मनाशी म्हटलं, हे पुरेसं आहे. मग त्याच अंकातून तुमचा हात तुमच्याच वर्गात पाठवला.

राघोत्तम


२१ सप्टेंबर १९५८

वहिनी,

सहावा भाग आज छापायला गेला. काय केलं ते तुम्हाला आधी कळवतो.

शेवटच्या चित्रात डावीकडे मोठी कढई कलंडली आहे आणि ज्वाळा उठल्या आहेत. मधे चेटकीण आहे, तिचा उजवा हात कोपरापर्यंत आगीत. उजवीकडे राजपुत्र, दोन्ही हात पुढे केलेले. तो तिला आगीत ढकलतो, असं मी फेब्रुवारीत लिहिलं होतं. वहिनी, लिहिताना मला त्यात कुंभकोणमचं स्वयंपाकघर दिसलं नव्हतं. शपथ घेतली असती, पण माझ्या शपथेला तुम्ही किती मानावं हे मी आता सांगू शकत नाही.

चित्र बदलता येत नाही. चित्राखाली मजकुराला सोळा ओळी असतात. त्या माझ्या आहेत. पंधरा दिवस त्याच सोळा ओळी लिहीत होतो. आता असं आहे : राजपुत्र लहान असताना त्यानं कढईवरून फळाकडे हात पुढे केले. कढई कलंडली. दाईनं हात घालून ती दुसरीकडे लोटली. शिपाई आले तेव्हा राजपुत्र म्हणाला, हिनं ढकललं. शिपायांनी दाईला रानात हाकललं आणि लोक तिला चेटकीण म्हणू लागले. हे राजपुत्राला सगळा वेळ ठाऊक होतं. तो तिला मारायला आला होता, कारण ती जिवंत होती तोवर ते कुणालातरी ठाऊक होतं.

चित्र तेच आहे. राजगोपालच्या एका रेघेलाही हात लावलेला नाही.

मुद्रितं दत्तोपंत तपासतात. हे पुण्याकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि माझ्या तंजावरी मराठीवर आठ वर्षं लाल शाई ओतत आलेले. कचेरीत मराठी वाचणारे आम्ही दोघंच. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"राघोत्तमराव, आज एकही चूक नाही. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"पण ही बया मरत नाही."

"नाही."

"तेलुगूत मरते?"

"बाकी चारही भाषांत मरते."

"मग मराठीतच काय तिचं माहेर आहे?"

"तसं समजा," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पानाच्या कोपऱ्यात सही केली आणि म्हणाले, "उद्या मालकांनी विचारलं तर मी म्हणेन की मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघतो. कढई दीर्घच आहे."

पुडकं पाठवत नाही. अंक निघाला की एकच प्रत कनकाच्या नावानं लिफाफ्यातून पाठवीन.

राघोत्तम


१२ ऑक्टोबर १९५८

वहिनी,

तुमचं कार्ड पोचलं. तुमची अक्षरं अजून उजवीकडे झुकतात. ती तशी का झुकतात हे मला ठाऊक आहे, आणि दर वेळी तुमचं कार्ड हातात घेताना मी ते ठाऊक नसल्यासारखं वाचत आलो. तुम्ही लिहिलंत ते इथं उतरवून ठेवतो, कारण कार्ड जपून ठेवलं तरी शाई उडते.

"राघू, अंक कनकानें वाचून दाखवला. मग मी एकटीनें वाचला. कढई तुझ्या कोपरानें कलली हें मला त्याच दिवशीं दिसलें होतें. मी तिथेंच होतें, तूं विसरलास वाटतें. तुला तें आठवतें कीं नाहीं, एवढेंच मला ठाऊक नव्हतें. आठ वर्षें तुझे अंक उघडून पाहात होतें, कुठें तरी लिहिशील म्हणून. लिहिलेंस तें चित्रांत, आणि तेंही उलटें. म्हणून पुडकें परत केलें. पोरें पळालीं म्हणून नव्हे, पोरें पळतातच.

"त्या वेळीं मी कां बोललें नाहीं असें तूं विचारलें नाहींस, तरी सांगतें. तूं नऊ वर्षांचा होतास. तुझ्या आईचा हात फार लागायचा. मला वाटलें, एक दिवसाची गोष्ट आहे.

"आहेत त्या तीन पोरांना शेवट वाचून दाखवला. त्यांना आवडला नाहीं. चेटकीण मेली पाहिजे होती म्हणतात. मानाजी पुन्हां येऊं लागला आहे, तो विचारतो, राजपुत्राला शिक्षा काय झाली? तें तूं लिहिलें नाहींस. दसऱ्याला ये आणि त्याला तूंच सांग. पाट एक जास्त मांडतें. कृष्णवेणी."



इकडची हकीकत. नागपूरच्या एका बाईंनी मालकांना पत्र घातलं की त्यांच्या मुलाला रात्री राजपुत्राची भीती वाटते. नारायणस्वामींनी दत्तोपंतांकडून सोळा ओळी तोंडी समजून घेतल्या. मला बोलावलं. रागावले नाहीत. "तुमच्या घरात काही झालं का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. पुढच्या महिन्यापासून गोष्टी दुसरं कुणी लिहील. माझ्याकडे जाहिरातींचं भाषांतर आहे, केसांचं तेल आणि ग्राइप वॉटर. त्यात कुणी वाईट नसतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दसऱ्याला येतो.

राघोत्तम


२६ ऑक्टोबर १९५८

वहिनी,

काल सकाळी परत आलो. जे झालं ते तुमच्यासमोरच झालं, तरी लिहितो. तिथं मला नीट बोलता आलं नाही.

तुम्ही चार पाट मांडले होते आणि चार थाळ्यांत तांदूळ पसरले होते. कनकानं दारात कोलमची रांगोळी घातली होती. समोरच्या ओट्यावर बायका उभ्या होत्या, आत येत नव्हत्या आणि जातही नव्हत्या. नऊ वाजले. पाट रिकामेच. तुम्ही हळदीकुंकवाची वाटी दोनदा उजवीकडून डावीकडे सरकवली. इतकं शांत मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं, कुंभकोणमलाही नाही. फक्त वाटी सरकत होती.

मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "बस."

"वहिनी, मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे."

"मग लवकर शिकशील."

मी पाटावर बसलो. गुडघे वाजले, कनका हसली. तुम्ही मागं बसलात आणि माझा हात तुमच्या उजव्या हातात घेतलात. माझं बोट तांदळात टेकवलंत. मला वाटतं, मी हात मागे ओढला. खात्रीनं सांगता येत नाही. तुम्ही म्हणालात, "कडक ठेवू नको. श्री मोडते." मग आपण श्री काढली.

मानाजी दारात उभा होता. आठ-नऊ वर्षांचा, धाकट्या बहिणीचं मनगट धरलेला. त्यानं विचारलं, "ह्यांना लिहायला येत नाही?"

"येतं," तुम्ही म्हणालात. "एक गोष्ट चुकीची लिहून ठेवली होती त्यांनी. विचार, काय ते."

मी त्याला सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये, कारण मराठीत मला धीर होईना. कढई, चकल्या, कोपर. ओट्यावरच्या बायका ऐकत होत्या. मानाजीनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मग तुम्हाला मारलं नाही कुणी?"

"नाही."

"शिक्षा काय?"

तो उत्तराची वाट पाहत उभा राहिला आणि मग कंटाळला. बहिणीला पुढे ढकलून म्हणाला, "हिला बसवा, टीचर. हिला अ येतो, पण वेडावाकडा काढते." ती तुमच्या हाताकडे बघत राहिली. तुम्ही हात तिच्यापुढे धरलात, आधी बघू दिलात. तिनं जुळलेल्या बोटांवर आपलं बोट ओढून पाहिलं, मग बसली.

दुपारपर्यंत तिघं झाली, मानाजीची बहीण धरून. गेल्या वर्षी अकरा होती, असं कनका म्हणाली. तिघंच. ह्याहून जास्त मी लिहीत नाही. पुढच्या दसऱ्याला किती येतील ते मला सांगता येत नाही. पंधरा कुटुंबांचा तुमच्यावरचा जो विश्वास मी घालवला तो एका सकाळी परत देता येत नाही, हे मला कळतं.

तुम्ही जेवायला वाढलंत तेव्हा दहीभात होता. मी पान स्वच्छ केलं. तुम्ही पुन्हा वाढलंत, तेही संपवलं.

एक दुरुस्ती राहिली आहे. छापलेल्या अंकात ती आता करता येत नाही, म्हणून तुमच्या वर्गातल्या प्रतींत ती पेननं करावी. 'सात विहिरींचं रान', पहिला भाग, दुसरं पान, वरून सहावी ओळ. तिथं मी लिहिलं आहे की चेटकिणीचा हात विहिरीतल्या दगडासारखा गार होता. गेली पस्तीस वर्षं तो गारच असेल असं मी धरून चाललो होतो.

ते चुकीचं आहे. हात ऊन आहे.

राघू